वडवार पुलापलीकडच्या रिकाम्या पेट्यांबाबत

प्रति,
मा. सचिव,
भारतीय स्पर्धा आयोग, नवी दिल्ली

विषय : मृतदेह ठेवण्याच्या थंड पेट्यांच्या मालकांनी तंजावर शहर आपसांत वाटून घेतल्याबाबत
संदर्भ : स्पर्धा अधिनियम, २००२, कलम ३(३)

महोदय,

१. मंगळवार, १३ मे २०२५ रोजी दुपारी तंजावरात मृतदेह घरी ठेवण्याच्या भाड्याच्या थंड पेट्या एकूण चौदा होत्या. सात वापरात, एक नादुरुस्त, सहा रिकाम्या. ही मोजणी मी नंतर प्रत्येक मालकाकडे जाऊन केली आहे.

२. त्या दिवशी सकाळी ११.२० वाजता माझे वडील त्यागराज राव वारले. मोठा भाऊ कार्तिकेय टोरांटोहून निघाला. तो गुरुवारी सकाळी पोहोचणार होता. त्याने वडिलांचे तोंड पाहावे, एवढेच आई मागत होती.

३. आमच्या भागाचे पेटीमालक कल्याणराम यांच्या दोन पेट्यांपैकी एक वापरात होती, दुसरीचा कॉम्प्रेसर बंद. वडवार नदीच्या पुलापलीकडचे गोपालकृष्ण फोनवर म्हणाले, "तंगच्ची (धाकट्या बहिणी), पेटी सकाळीच धुऊन ठेवली आहे. पण पुलाच्या तुमच्या बाजूचे मयत कल्याणरामचे. मी आलो तर संघ माझी गाडी अडवील." मालक संघाच्या ठरावात नदी हीच हद्द आहे. आणखी तिघांनी हेच सांगितले. शेवटी गोपालकृष्ण यांनी उपाय सुचवला : मयत पूल ओलांडून आणा, मग पेटी लगेच देतो. ते चेष्टा करत नव्हते.

४. पलीकडे नागलक्ष्मी आत्याचे घर आहे आणि आत्या तयार होती. मी आईला विचारले, ही माझी चूक झाली. आई म्हणाली, "ह्यांना ह्या घरातून एकदाच काढायचं. मेल्यावर कुणाकडे राहायला जातात काय?"

५. मी भौतिकशास्त्राची पदवीधर आहे. तासाला सुमारे सहा किलो बर्फ वितळत होता, म्हणजे गुरुवार सकाळपर्यंत दोनशे सत्तर किलो लागणार होता. एकशे चाळीसच मिळाला. तो मासळी बाजारातला होता, हे आईला हा अर्ज वाचून दाखवीन तेव्हा कळेल. बुधवारी सकाळी बर्फ संपला. दुपारी ४.१० वाजता काकांनी अग्नी दिला. कार्तिकेय गुरुवारी ८.३५ ला आला आणि बूट न काढता थेट आतल्या खोलीपर्यंत गेला.

६. कुणाला शिक्षा व्हावी म्हणून हा अर्ज नाही. कल्याणराम आणि गोपालकृष्ण दोघेही दहाव्याला आले होते. संघाच्या ठरावाची चौकशी व्हावी आणि ती होईपर्यंत रिकामी पेटी मागेल त्याला, तो कुठेही राहत असो, द्यावी असा आदेश व्हावा, ही विनंती. आईची संमती हवी म्हणून अर्ज घरच्या भाषेत, मराठीत, लिहिला आहे.

आपली नम्र आणि उत्तराच्या प्रतीक्षेत,
हरिता त्यागराज
तंजावर, ९ जून २०२५

सोबत :
(१) अर्जाची इंग्रजी प्रत
(२) संघाच्या ठरावाचे छायाचित्र
(३) चौदा पेट्यांचा तक्ता
(४) कार्तिकेय आणि मी फीत धरून मोजलेले अंतर : आमच्या दारापासून गोपालकृष्ण यांच्या रिकाम्या पेटीपर्यंत ८६२ मीटर.