खोका धरून उभा राहिलेला माणूस

मी, खाली सही करणारी, कै. हेगेदूश बेर्तालान यांची पत्नी पिरोश्का, माहेरचे नाव कोचिश, वय चौऱ्याहत्तर, राहणार बोदोनकूत, पोलाद कारखान्याची जुनी कामगार वसाहत, माझ्या मागे काय व्हावे ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण त्यांचा इथे संबंध नाही. हे मी कोणाच्या भीतीने किंवा भरीला पडून लिहीत नाही. मला भरीला पाडायला गेल्या वर्षभरात बरेच जण आले, कॉफी प्याले आणि आले तसे परत गेले. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

कलम एक. वसाहतीतले माझे घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागचे पापरिका मिरचीचे वाफे आणि कोंबड्यांचे खुराडे, हे सर्व मी शिपोश विल्मा हिला देत आहे. विल्मा माझ्या रक्ताची नाही. गावात यावर बोलणे होईल, म्हणून कारण लिहिते. कारण लांब आहे.

माझे पती बेर्तालान यांचे सगळे आयुष्य पोलाद लाटायच्या गिरणीत गेले. तापलेल्या लालभडक पट्ट्या चिमट्याने पकडून पुढच्या रुळांमध्ये घालायच्या, हे त्यांचे काम. कम्युनिस्टांचे राज्य गेले, झेंडे बदलले, आणि दोन वर्षांत कारखान्याचे धुराडे थंड झाले. मोठ्या साहेबांनी गिरणी भंगाराच्या भावात आपल्याच मेव्हण्यांना विकली. बाकीचे दारूच्या दुकानात जमले. बेर्तालान चौकातल्या बचत पेढीत रखवालदार म्हणून लागले. गणवेश त्यांना ढगळ होता. हातात एक रबरी दांडा, तोही दुसऱ्या पाळीच्या माणसाबरोबर वाटून घ्यायचा.

त्याच सुमारास बोद्रोगी एलेमेर याचे नाव होऊ लागले. तेव्हा कोणाला त्याचे खरे नाव माहीत नव्हते. सगळे त्याला केकवाला म्हणत. सोनेरी दोरीने बांधलेला पांढरा खोका हातात घेऊन, नामदिनाच्या मेजवानीला निघालेल्या पाहुण्यासारखा तो बँकेत शिरायचा. बायकांच्या हाताला ओठ लावायचा, कोटातून पिस्तूल काढायचा, पैसे घ्यायचा, माफी मागायचा आणि जायचा. खोक्यात खरोखरच केक असायचा, तो मागे ठेवून. बँका कोणाच्या झाल्या होत्या ते सगळ्यांना ठाऊक होते, त्यामुळे त्या लुटल्या गेल्या की लोकांना बरे वाटायचे. आमच्या घरीही वाटायचे. बेर्तालान वर्तमानपत्र वाचता वाचता म्हणायचे, "पिरी, हा पठ्ठ्या मंत्री हवा होता. निदान चोरून झाल्यावर सॉरी तरी म्हणतो."

१९९६च्या वसंतात तो आमच्या चौकात आला.

पुढचे मी विल्माच्या तोंडून ऐकले आहे. ती तेव्हा तिथे रोखपाल होती. केकवाल्याने तिच्या काचेच्या केबिनमधून पैसे घेतले, केबिनचे लोखंडी दार बाहेरून बंद केले आणि किल्ली खिशात टाकली. मग वळून तो बेर्तालानना म्हणाला, "काका, हे जरा धरा. आत घड्याळ आहे. दोन्ही हातांनी. खाली ठेवलंत की कळ सुटेल." त्यांच्या हातात खोका दिला आणि टोपी उचलून गेला.

शाखेचे साहेब पळाले. गिऱ्हाइके पळाली. विल्मा आत ओरडत होती आणि दार उघडत नव्हते.

"पोरी, ओरडू नको, माझे हात हलतात," बेर्तालान तिला म्हणाले. "टेबलाखाली जा. आडवी हो. तोंड भिंतीकडे कर. झालीस का?"

"झाले, काका."

"मग मी आता पाठ करतो तुझ्याकडे. मी रुंद आहे. थोडं तरी माझ्यातच राहील."

मग त्यांनी काचेला पाठ टेकली आणि खोका छातीशी धरून रस्त्याकडे तोंड केले. बॉम्ब निकामी करणारे लोक लांबच्या शहरातून येईपर्यंत ते तसेच उभे होते. तेवढा वेळ ते विल्माशी पापरिकाची रोपे कधी उपटून लावायची याबद्दल बोलत राहिले. मध्येच त्यांनी तिला विचारले, "तुझं लग्न ठरलंय ना? मुलगा बरा आहे का?" तिने टेबलाखालून सांगितले की बरा आहे, पण आईचे फार ऐकतो. "ते जाईल," ते म्हणाले. "माझं गेलं."

टीव्हीची गाडी बॉम्बवाल्यांच्या आधी आली. रस्त्यापलीकडून त्यांना दिसले ते एवढेच: ढगळ गणवेशातला एक म्हातारा होऊ घातलेला माणूस, घामाने निथळलेला, विजार पुढून ओली झालेली, हातात केकचा खोका. त्यांनी काचेकडे तोंड केले असते तर कॅमेऱ्यात पाठ आली असती. मग बॉम्बवाल्याने खोका उघडला. आत अक्रोडाचा केक होता. तोही दाखवला.

सगळा देश हसला. बेर्तालाननी आपल्याकडे पाठ का फिरवली ते विल्माने टीव्हीवाल्यांना सांगितले होते. त्यांनी तिला कळवले की बाई, तुमचे बोलणे छान आहे, पण लांबते. तेवढे कापले.

कलम दोन. डुकरे कापण्याच्या सुऱ्या, चरबी वितळवायची मोठी कढई आणि मांसाला धूर द्यायच्या कोठीतले आकडे कोपऱ्यावरच्या बालोग कुटुंबाला द्यावेत. त्या आठवड्यात त्यांचा टीव्ही बिघडला होता, म्हणून ते हसले नाहीत, असे त्यांचा म्हातारा सांगायचा. मला तेवढे पुरे आहे.

कलम तीन. गुत्तेवाला वार्कोनी, ज्याने त्या उन्हाळ्यात 'रखवालदार' नावाचा अक्रोडाचा केक विकायला काढला, त्याला किंवा त्याच्या वारसांना माझ्याकडून काहीही मिळू नये. त्यांनी प्रेतयात्रेलाही येऊ नये. शिल्लक राहिलेले चमचेसुद्धा त्यांच्याकडे जाऊ नयेत.

कलम चार. बेर्तालान यांचा चिमटा. हा मी कोणालाच देत नाही. तो त्यांच्या थडग्यात ठेवायचा राहून गेला, तो माझ्याबरोबर ठेवावा.

त्यांना पेढीने काढले. कारण असे लिहिले की संस्थेची शोभा झाली. त्यानंतर ते भाजी आणायला निघाले की कोणीतरी हातात काहीतरी ठेवायचे: चपलांचा खोका, रिकामे क्रेट. "काका, हे जरा धरा." चर्चमध्ये पाद्रीबाबांनीसुद्धा एकदा प्रवचनात त्यांची गंमत केली, प्रेमानेच. बेर्तालान हसायचे. घरी आल्यावर दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून बसायचे. मी विचारले, "दुखतात का?" तर म्हणायचे, "नाही गं, रिकामे आहेत."

एकदाच ते बोलले. "पिरी, मी मेलो असतो तर बरं झालं असतं का? म्हणजे, खरंच बॉम्ब असता तर?" मी म्हटले, "वेड्यासारखं बोलू नका." ते म्हणाले, "मी वेडा नाही. मी तिथे मरायला उभा होतो. ते झालं नाही, म्हणून ते नव्हतंच असं कसं?"

पुढच्या हिवाळ्यात, जानेवारीत, ते कुंपण ओलांडून बंद गिरणीत गेले आणि त्यांची जागा होती तिथे बसून राहिले. दुसऱ्या दिवशी भंगार गोळा करणाऱ्यांना सापडले. डॉक्टरांनी हृदयक्रिया बंद पडल्याचे लिहिले. कोट त्यांनी काढून, नीट घडी करून शेजारी ठेवला होता. बाहेर लोखंडाला हात चिकटेल एवढी थंडी होती.

दोन वर्षांनी केकवाला पकडला गेला. कोर्टाबाहेर बायका फुले घेऊन उभ्या होत्या. त्याने रक्ताचा एक थेंब सांडला नाही, असे सगळे म्हणत. अजूनही म्हणतात.

कलम पाच. गेल्या वर्षी नगरपालिकेने ठरवले की आमच्या चौकात त्याचा ब्राँझचा पुतळा उभारायचा. गावात आता कारखाना नाही, दुसरे काही नाही, निदान पर्यटक तरी येतील. टोपी उचलणारा बोद्रोगी आणि त्याच्यासमोर खोका धरलेले बेर्तालान. खोक्याखाली जागा मोकळी ठेवायची, म्हणजे लोकांना तिथे हात लावून फोटो काढता येईल. मेलेल्या माणसाचा चेहरा वापरायला जवळच्या नातेवाइकाची संमती लागते. ती मी दिलेली नाही. मी जिवंत आहे तोवर देणार नाही.

माझी मुलगी एनिको हिने परदेशातून, ग्राझहून फोन केला. ती तिथे म्हाताऱ्या माणसांची सेवा करते. ती म्हणाली, "आई, बाबा निदान कुठेतरी उभे तर राहतील."

"कसे उभे राहतील ते बघ ना."

"लोक प्रेमानं बघतील गं. आता कोण कुणाला हसतंय? तू सगळ्या गावाशी किती वर्षं भांडणार?"

मी फोन ठेवला. ती वाईट बोलली नव्हती.

मग एका सकाळी बोद्रोगी स्वतःच आला. तुरुंगातून सुटून त्याला बरीच वर्षे झाली होती. जाड झालेला, वरचे दात खोटे, हातात प्लम ब्रँडीची बाटली. दारातच वाकून म्हणाला, "हाताला ओठ लावतो, मावशी. नगरपालिकेनं पाठवलंय, खोटं बोलत नाही. पण मी एरवीही आलो असतो."

"एरवी आला नाहीस," मी म्हटले. तरी त्याला आत घेतले, कारण पायऱ्या चढून त्याला धाप लागली होती.

त्याने सूप मागून घेतले, दोनदा. माझ्या कोंबड्यांची नावे विचारली. मला हसवलेसुद्धा. असा माणूस आहे तो. त्याच्यासमोर बसले की आपणच त्याच्या घरी पाहुणे आहोत असे वाटते. मग मी त्याला बेर्तालाननी पाठ फिरवल्याचे सांगितले. विल्मा, टेबल, पापरिका, सगळे. तो जेवायचा थांबला.

"मला हे माहीत नव्हतं," तो म्हणाला. "मावशी, मी तो खोका आणखीही ठिकाणी दिला होता. लोक काय करायचे, मी बाहेर पडलो की तो टेबलावर ठेवायचे आणि पळायचे. मी तेच धरून चाललो होतो. कुणी धरून राहील असं मला वाटलंच नव्हतं."

"त्यांनी धरला."

"हो." त्याने ताट बाजूला सारले. "मला टीव्हीवर बोलावतात. मी सांगतो हे. सगळ्यांसमोर सांगतो. तुम्ही सही करा वा नका करू."

त्याने शब्द पाळला. विल्माने आणि मी माझ्याच पलंगावर बसून तो कार्यक्रम पाहिला. त्याने सगळे सांगितले, एकही गोष्ट गाळली नाही. आवाज भरून आला होता, तो खोटा नव्हता. "त्या दिवशी तिथे एकच शूर माणूस होता," तो म्हणाला, "आणि तो मी नव्हतो." सभागृह शांत झाले. विल्माने माझा हात धरला. मग तो जरा थांबला, भुवई उचलली आणि म्हणाला, "केक मात्र सुरेख होता. अक्रोडाचा."

लोक खुर्च्यांतून पडेपर्यंत हसले. तोही हसला.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "मावशी, ते आपोआप निघालं. लोक गप्प झाले की मला भीती वाटते. तोंडाला सवय आहे." मी म्हटले, "माहीत आहे." तो रडत होता. मी फोन ठेवला नाही.

कलम सहा. त्याने आणलेली ब्रँडी न उघडता कपाटात आहे. ती त्यालाच परत द्यावी.

कलम सात. टपाल बचतीतली शिल्लक, शिवणयंत्र, माझ्या आईच्या भरतकामाच्या उशा आणि बेर्तालान यांची सगळी छायाचित्रे माझी मुलगी एनिको हिला. नोटरीबाईंनी मला समजावले आहे की चेहऱ्याच्या संमतीचा हक्क विल्माला देता येत नाही. तो माझ्यानंतर एनिकोकडेच जातो. ती संमती द्यायची की नाही याबाबत मी तिला कोणत्याही अटीत बांधत नाही.

एनिको, हे तुला उद्देशून आहे. ती बातमी पहिल्यांदा लागली तेव्हा तू सोळा वर्षांची होतीस. तुला वाटत आले की तू हसलीस ते बाबांनी पाहिले नाही. त्यांनी पाहिले. ते दारात होते. नंतर मी तुझ्यावर चिडायला निघाले तर त्यांनी मला अडवले. म्हणाले, "राहू दे. तिनं दुसरं काय पाहिलंय? तिला कुणी सांगितलंच नाही."

मीही सांगितले नाही. विषय निघाला की तू खोलीतून उठून जायचीस, आणि मग देशातूनच गेलीस. म्हणून माझी एकच शर्त आहे: हे मृत्युपत्र नोटरीबाईंनी तुझ्यासमोर पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचावे, काहीही न कापता. विल्मा तुझ्या शेजारी बसेल. तुला काही विचारायचे असेल तर तिला विचार, तिला त्यांचा शब्द न् शब्द आठवतो. मग नगरपालिकेचा कागद पुढे येईल, तेव्हा सही करायची की नाही ते तू ठरव.

वरील मजकूर मी दोन साक्षीदारांसमोर वाचला व सही केली. विल्मा लाभार्थी असल्यामुळे ती साक्षीदार नाही. ती बाहेर कोंबड्यांना दाणे घालते आहे. साक्षीदारांना यातून काही मिळत नाही. दोघांनी पूर्ण ऐकले, आणि दोघांपैकी कोणी हसले नाही.

सही: हेगेदूश बेर्तालान यांची पत्नी, पिरोश्का

साक्षीदार १: कालोचाई देझो, निवृत्त क्रेनचालक, बोदोनकूत

साक्षीदार २: सोम्बाती एतेल्का, निवृत्त परिचारिका, बोदोनकूत

स्थळ: बोदोनकूत, माझ्या स्वयंपाकघरात
दिनांक: ११ ऑक्टोबर २०२४