काझाची यादी

१३ एप्रिल, शनिवार

जायचं ठरलं! म्हणजे विश्वासचं ठरलं. माझं नुसतं धाबं दणाणलंय.

निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रा करतात. आमच्या फिजिक्सच्या प्रोफेसरांना बुलेटवरून हिमाचलातल्या स्पितीत जायचंय — चंदीगड ते काझा, एक जूनला, बायकोला मागे बसवून. "तीस वर्षं झाली सुनेत्रा, डोंगर आपण सुखना तलावावरूनच बघतोय." खरं आहे. पण मी बत्तीस सेक्टरच्या हॉस्पिटलात, कॅज्युअल्टीत डॉक्टर आहे. त्याच डोंगरांतून परत आलेली माणसं मी बघते — आडवी.

एकच अट घातली. सामान मी निवडणार.

१७ एप्रिल

विश्वासनं यादी करून फ्रिजला लावली. हेल्मेट, जॅकेट, हातमोजे, बूट, गुडघ्याचे गार्ड, रेनसूट — सगळं दोन-दोन. मी शेजारी शेरे मारले. माझं शास्त्र सोपं आहे: जे कापायला मला वेळ लागतो ते चांगलं. अपघातातल्या माणसाचं जॅकेट आम्ही काढत नाही, कात्रीनं कापतो. जाळीचं दिसायला छान, पण लगेच फाटतं. मागच्या महिन्यात एका मुलाच्या जॅकेटला कोपराशी कात्री अडली. त्याचं कोपर शाबूत होतं! आणि बूट घोट्याच्या वर हवेत. साधे कॅनव्हासचे बूट घालून गेलेल्यांच्या पायांबद्दल मी इथे लिहिणार नाही.

नेत्राला फोन केला. आमची लेक, पण मराठीत विचारलं तरी उत्तर हिंदीत. "मम्मा, आप दोनों पागल हो यार. पापा को बोलो टैक्सी ले लें." शहाणी आहे. बापाला सांगायची हिंमत मात्र तिलाही नाही.

२१ एप्रिल, रविवार

मोहालीतलं दुकान. सरदारजी भला माणूस. "मॅडमजी, पीछे बैठनेवाले को भी पूरा सामान चाहिए. सड़क थोड़ी पूछती है कौन चला रहा था." मी मान खाली घालून हातमोज्याची शिवण तपासायला लागले. त्याला वाटलं, मला पटलं.

चालवणाऱ्याच्या डाव्या बुटावर चवड्याशी चामड्याची एक जादा पट्टी असते म्हणे. नाहीतर गिअर बदलून बदलून बूट घासतो. मागच्याला साधे चालतात. दोघांची मापं घेतली, मागवून पाठवतो म्हणाला.

मी प्रत्येक वस्तूला नाक मुरडत होते. हे घट्ट, ते सैल, याला वास येतो. विश्वास हसला, "नाचता येईना अंगण वाकडं! भाऊंची राजदूत तासगावभर पळवणारी मुलगी हीच का?" ती वडिलांची फटफटी. चाळीस वर्षं झाली त्याला! आणि तिथे दरी नव्हती. घसरलं तर फार तर द्राक्षाच्या बागेत.

त्याच्या हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली दोन कड्यांतून ओवायचा होता. तीनदा केलं, जमेना. "नवीन आहे, कडक आहे," म्हणाला. शेवटी खटक्याच्या पट्ट्याचं घेतलं.

२२ एप्रिल

कडक नव्हता. मीही ओवून बघितला होता.

२६ एप्रिल

फ्रिजवरची यादी. नऊ दिवस रोज समोर आहे. आज दूध काढताना दिसली.

'हेल्मेट' ठसठशीत. 'जॅकेट' जरा लहान. खाली खाली येत 'रेनसूट' मुंगीएवढं. कागदावर जागा होती, अर्धा कोराच आहे. विश्वासचं फळ्यावरचं अक्षर शेवटच्या बाकावरून वाचता यायचं!

आणि मी त्याच यादीवर शेरे मारले. कापडाची जाडी बघितली, शिवण बघितली, घोटा बघितला. अक्षर बघितलं नाही. परका पेशंट असता तर त्याच्या सहीवरून मला शंका आली असती. घरच्या माणसाला तपासायचं सुचलंच नाही.

त्या आजाराचं नाव इथे लिहायचं नाही.

२७ एप्रिल

पार्किन्सन्स. लिहिलं. भीती तेवढीच आहे.

अजून नक्की नाही, तपासणी व्हायची आहे — हे मी लोकांना सांगते तेव्हा ते माझ्याकडे कसे बघतात ते आज कळलं.

उजवा हात आहे. ॲक्सिलरेटर उजव्या हातात. पुढचा ब्रेक उजव्या हातात. इतके दिवस मी रस्त्याला भीत होते. आता रस्त्याचं काहीच वाटत नाही. साठ वर्षं स्वतःचं सगळं स्वतः करणारा तो माणूस, उद्या शर्टाची बटणं लावायला मला हाक मारणार, आणि मला रडू आलेलं त्याला दिसणार. त्याचीच भीती वाटते.

३ मे

कॅज्युअल्टीत आमचा नियम आहे. वाईट बातमी उभ्या माणसाला सांगायची नाही. आधी खुर्ची पुढे करायची, "बसा" म्हणायचं, मग बोलायचं. विश्वासला हे माहीत आहे, मीच कितीदा सांगितलंय.

काल घरी खुर्ची ओढली. तो बसला. माझ्याकडे बघत राहिला.

मी म्हटलं, "रेनसूट परत करू या. शिवण कच्ची आहे."

भेकड!

"अगं, किती परत करशील? सरदारजी आपल्याला बघून शटर ओढेल." तो हसत होता. सामानात खोट काढत राहिले की जून निघून जाईल, असं मला वाटतं. असं काही होत नसतं, तेही कळतं.

४ मे

त्यानं माझं लायसन्स मागितलं. कसलासा फॉर्म भरायचाय. दिलं. कसला ते विचारलंही नाही. माझं सगळं लक्ष त्याच्या अंगठ्याकडे. हात मांडीवर टेकला की अंगठा हलतो, जपमाळ ओढल्यासारखा.

८ मे

आज सांगणार.

नाही सांगितलं.

१२ मे, रविवार

बूट आले. विश्वासनं जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढून माझ्यापुढे सरकवली. "बस," म्हणाला.

घालून बघायला सांगतोय, असं वाटलं. बसले, घातले. मापात आहेत. डाव्या बुटावर, चवड्याशी, चामड्याची ती जादा पट्टी, गिअरसाठीची.

खोकी बदलली असतील म्हणून त्याचे काढून बघितले. त्याच्याच मापाचे. साधे.

मी वर बघितलं. तो उभाच होता — उजवा हात डाव्या हातात घट्ट धरून.