फळीवर पट्टा वाजतो

६ मे
बेडीच ही! मजुराच्या मनगटाला पट्टा बांधून नाडी मोजायची, ऊन बाधायला लागलं की तो वाजणार – उद्या ठेकेदार त्यावरूनच पाहील, कोण बसलं, कोण थांबलं. पुनमला तोंडावर सुनावलं. चंद्रपूरच्या कॉलेजातली पोरगी, पट्टे तिनेच बनवलेले. शांतपणे म्हणाली, "ताई, आकडे ठेकेदाराला दिसणारच नाहीत. लिहून देते." आणि दिलं लिहून.

तोवर गुणाबाईने बांधूनही घेतला. मागच्या उन्हाळ्यात तेंदूची पानं तोडताना ती जंगलात ऊन लागून पडली होती. यंदा सून सोडत नव्हती. "वाजला का बसतो, नाई वाजला तं तोडतो. माह्या सुनंपेक्षा हा बरा, एकदाच बोलते."

९ मे
वाजला. गुणाबाई म्हणते, तिला काहीच होत नव्हतं. तरी बसली, पाणी प्याली – आणि मग पाय थरथरले. नाडी, घाम, कातडीची ऊब, एवढ्यावरून पट्ट्याला आधी कळलं! मी आयुष्यभर माणूस पडल्यावर मोर्चे काढले. ही पोरगी पडण्याआधी पोचते.

१२ मे
पट्टे जंगलात क्वचितच वाजतात. वाजतात ते फळीवर – ठेकेदार पानांचे पुडे मोजून घेतो त्या उघड्या मैदानात, भर दुपारच्या रांगेत. आणि आम्ही जंगलाला दोष देत होतो. फळी संध्याकाळी उघडली पाहिजे.

१३ मे
पुनम धावत सुटली – मोबाईलवर गुणाबाईची नाडी बंद! आम्ही जाऊन पाहतो तर बाई मोहाच्या झाडाखाली बसून खर्रा चघळतेय, आणि पट्टा रांगेत, तिच्या पुड्यांवर. नंबर धरायला चप्पल ठेवायची इथली रीत. तिने पट्टा ठेवला. "त्यानंच बस म्हटलं. मंग नंबर कोण धरन? तोच धरन." रडायच्या बेतात आलेली पुनम हसत सुटली.

पुडे मोजणारा मुन्शी दसरू मात्र हसला नाही. "माणूस नाई तं नंबर नाई."

१४ मे
फळीच्या वेळेवरून दसरूला रांगेसमोर शब्दांनी झोडपलं. म्हणाला, "ठेकेदार म्हणन तवा फळी उघडन, बाई. मले काऊन बोलता?" मी म्हटलं, बायांचा जीव उन्हात वाळतोय आणि तू ठेकेदाराची सावली धरून बसलास! टाळ्या पडल्या. मग सगळ्यांनी मिळून ठरवलं – उद्यापासून एकीचा पट्टा वाजला की अख्खी रांग सावलीत. नंबर गेला तर सगळ्यांचाच जाईल.

१५ मे
पट्टा वाजला. रांग मोहाखाली गेली. दसरू उन्हात टेबलाशीच बसून राहिला – आणि तिथेच कोसळला. गुणाबाईने ओला दुपट्टा त्याच्या डोक्याला गुंडाळला. दवाखान्यात आहे, अजून शुद्ध नाही.

पुनमच्या पिशवीत एक पट्टा जास्तीचा होता. दसरूसाठी मागावा असं माझ्या मनात एकदाही आलं नाही.