पिंपळाखालची पाटी

१ ऑक्टोबर १९९९, शुक्रवार

फोटो पुन्हा उतरवला! ही तिसरी खेप. सकाळी उठून बघते तर हॉलच्या भिंतीवर नुसता खिळा. बाबासाहेब कपाटात, इस्त्रीच्या मागे, जुन्या चादरीत गुंडाळलेले.

सुनेला विचारलं. स्नेहल म्हणते, "आई, मंडळाचे लोक चहाला येणार आहेत. दोन तासांचा तर प्रश्न आहे." दोन तास! तू दोन तास नाक दाबून बसून दाखव म्हटलं. तर हसली. तिला वाटलं मी गंमत केली.

सतीश माझा एकुलता. इंजिनिअर. मस्कतला येण्याआधीच गॅझेटात छापून कांबळेचा देवरुखकर झाला. देवरुखात राहिला किती, तर सातवीपर्यंत! माझं नाव बदलायचं राहून गेलं असं तो समजतो. राहून नाही गेलं. मी सही केली नाही. पासपोर्टावर मी अजून गिरिजा बबन कांबळे.

पाहुणे आले. रामकृष्ण म्हणून मंडळाचे अध्यक्ष. तेच कंपनीत सतीशचे वरचे साहेब, म्हणून चहात वेलची जास्त. त्यांची बायको प्रभावती. विषय असा की गाला नावाच्या भागात कुणा अर्बाबाने, म्हणजे इथल्या अरब मालकाने, वर्कशॉपच्या मागची मोकळी जमीन दिलीय. प्रत्येक देशाच्या लोकांनी एकेक पट्टा घ्यायचा आणि आपल्याकडची बाग करायची. मल्याळी, फिलिपिनो, तुर्की, सगळे आहेत. प्रत्येक झाडाला पत्र्याची पाटी, त्यावर लावणाऱ्याचं नाव. तीन डिसेंबरला अर्बाब स्वतः फिरून, पाट्या वाचून, कुठलं झाड कुणी लावलं ते विचारणार.

प्रभावतीबाई म्हणाल्या, "आपला महाराष्ट्राचा पट्टा उठून दिसला पाहिजे. मध्ये तुळशीवृंदावन हवंच. पण माती कोण उकरणार?"

सगळ्या बायका आपापली नखं बघायला लागल्या.

"आमच्या आईच्या हाताला गुण आहे," सतीश म्हणाला. मला कुणी विचारलं नाही. बैल द्यावा तसा दिला!

८ ऑक्टोबर, शुक्रवार

गालाला गेले. चहूकडे गॅरेजं, डिझेलचा वास. जमीन बघून हसूच आलं. पहार मारली तर ठिणगी उडाली. पाणी सोडायला बाबामियाँ म्हणून हैदराबादचा म्हातारा आहे. म्हणतो, "अम्मा, ये मिट्टी नहीं, पत्थर की बहन है." म्हटलं, मीही तिचीच बहीण. बघू कोण आधी फुटतं.

शेजारचा पट्टा तुर्क्यांचा. तिथेही माझ्याच वयाची एक बाई. डोक्याला फडकं, हातात तिच्याहून लांब फावडं. मुलगा रस्ते बांधतो म्हणे. तिला माझं कळत नाही, मला तिचं नाही. माझं खुरपं बघून तिने मान हलवली आणि आपलं फावडं आणून दिलं. मग कमरेत बारीक असा एक काचेचा पेला, त्यात काळा चहा. आधी ती प्यायली. मग तोच विसळला, भरला, मला दिला. नाव विचारलं नाही, गाव नाही, काही नाही.

उन्हं उतरताना अर्बाब आला. पांढरास्वच्छ झगा, हातात काठी. माझ्याकडे बोट करून बाबामियाँला काहीतरी विचारलं. तो म्हणाला, "उम्म सतीश." मग मला समजावलं, "इधर औरत का नाम नहीं लेते, अम्मा. बेटे के नाम से बुलाते. इज़्ज़त की बात है."

सतीशची आई! बरं वाटलं नाही असं लिहिणार नाही. वहीत तरी खोटं कशाला.

१४ ऑक्टोबर, गुरुवार

आज पिंपळ लावला.

दार्सैतला आमच्या बिल्डिंगच्या मागल्या भिंतीला एसीचं पाणी ठिबकतं. तिथल्या फटीत मार्चमध्ये दोन पानं दिसली. कृष्णमंदिराकडून कुठल्या पाखराने आणलं असेल. केसांच्या पिनेने उकरून काढलं, दुधाच्या पावडरीच्या डब्यात वाढवलं. आता वीतभर आहे. पट्ट्याच्या मागच्या बाजूला खड्डा करून, खाली बकऱ्यांचं खत घालून लावला.

चौदा ऑक्टोबर मुद्दाम धरला. छप्पन साली नागपूरला ज्यांना जाता आलं ते गेले, आम्ही नंतर गावातच घेतली दीक्षा. सासूने घरातले देव टोपलीत भरून नदीला नेले, परत येताना टोपली धुऊन आणली. टोपली चांगली होती, म्हणाली.

माझ्यासाठी बोधिवृक्ष. कुणाला बोलले नाही. पानं सारखीच असतात.

२२ ऑक्टोबर, शुक्रवार

पाणी खारं. सहा तुळशी मेल्या. एक धरलीय. अळूने मात्र बेशरमासारखं पान काढलं!

५ नोव्हेंबर, शुक्रवार

मंडळाच्या बायका बाग बघायला आल्या. उंच टाचांच्या चपला, आणि माझ्या वाफ्यातून! पिंपळ दिसल्यावर प्रभावतीबाई किंचाळल्याच. "अगं बाई, पिंपळ! शनिवारची सोय झाली की!" लगेच पर्समधून दोरा काढून वीतभर रोपट्याला गुंडाळला. मला म्हणाल्या, "आजी, तुमचा हात सोन्याचा हो!" माझा हात हातात घेतला, मातीसकट.

त्यांचे सात फेरे बघून मी पोटात हसत होते. घाला, मनात म्हटलं. बुद्धाला कुणी फेरे घालू नका म्हणून सांगितलेलं नाही.

प्रियांका बरोबर होती. माझी नात, चौदाची. मराठी बोलते म्हणजे दगडावरून चालते. "आजी, त्यांना सांग ना. हे आपला बोधी ट्री आहे." म्हटलं, तुझ्या बापाला विचार. घरात बाप म्हणजे काय ते तिलाही कळतं.

१२ नोव्हेंबर, शुक्रवार

झालं.

अर्बाबाच्या ऑफिसने फाटकाचे पास काढले. नावं पासपोर्टाप्रमाणेच. फॉर्म सतीशने भरला. घाईत माझा पासपोर्ट बघून जसंच्या तसं उतरवलं. एवढी वर्षं जपलं आणि स्वतःच्याच अक्षराने सांडलं!

पास वाटायला प्रभावतीबाई. मोठ्याने वाचत होत्या. माझ्यापाशी थांबल्या.

"कांबळे? आजी, हे कुणाचं?"

"माझं."

"पण सतीशराव तर देवरुखकर..."

"तो त्याने ठेवलेला देवरुखकर. जन्माचा कांबळेच."

"म्हणजे... कुठले कांबळे तुम्ही?"

मी म्हटलं, देवरुखचे. बुद्धवाडीतले. अजून काही विचारायचंय?

"छे हो, आम्ही नाही असलं मानत," म्हणाल्या. तोपर्यंत मी काही मानण्याचं बोललेही नव्हते! मग घाम पुसला. मग थर्मासमधला चहा आला. सगळ्यांना स्टीलचे पेले. मला कागदी. एकच कागदी होता, तो नेमका माझ्यापाशी. मी तो तसाच बांधावर ठेवला आणि तुर्की बाईकडे जाऊन बसले. तिने पेला विसळायला घेतला.

रात्री सतीश ताटावरून उठला. वाल केले होते, त्याच्या आवडीचे.

१९ नोव्हेंबर, शुक्रवार

आज एकादशी. सुट्टी म्हणून बागेतच तुळशीचं लग्न.

मी लुगडं नेसून गेले. फाटकाशीच रामकृष्ण पुढे आले. "आजी, तुमचे गुडघे दुखतात, तुम्ही इथे खुर्चीवर बसा." माझे गुडघे! महिनाभर पहार चालवली तेव्हा गुडघे कुणाचे होते?

खुर्चीवरून सगळं दिसलं. वृंदावनात माझी तुळस नव्हती. नर्सरीतली नवी आणून लावली होती, काळ्या प्लास्टिकच्या कुंडीसकट. खाली कुंडीचा काठ दिसत होता. माझी कुठे म्हणून बघते तर तुर्क्यांच्या वाफ्यात! बांधापलीकडे फेकली असणार. त्या बाईने उचलून आपल्या वांग्यांच्या ओळीत खोचली, पाणी घातलं, वर सावलीला खोकं उभं केलं. मला बघून दोन्ही हात पसरले. काय वेडे लोक आहेत, असं असावं.

मंगलाष्टकं झाली. सतीश अंतरपाट धरून उभा होता. माझ्याकडे पाठ.

२० नोव्हेंबर, शनिवार

पाठ त्याच्या बापासारखी आहे. बाप गोदीत ओझी वाहायचा, तरी ताठ होता.

२४ नोव्हेंबर, बुधवार

सतीश माझ्या खोलीत आला. दार लोटलं. मग मला कळलं, मोठं काही आहे.

तुळस उपटली, पण पिंपळ उपटायला कुणी तयार नाही! पिंपळाला कोयता लावला की घरात वाईट होतं, ही भीती इथे विमानात बसूनही सोबत आलीय. बाबामियाँला सांगितलं तर म्हणाला, "साहब, आपके मज़हब का झाड़ है, आप ही काटो." तेव्हा तोड निघाली ती अशी. झाड राहील. पाटी प्रभावतीबाईंच्या नावाची लागेल. अर्बाबाने विचारलं तर त्या सांगतील, मी लावलं. आणि माझं तिकीट काढलंय. दोन तारखेचं.

"थंडी सुरू झाली आई, गावाला बरं वाटेल तुला."

थंडी! आठ महिने भट्टीत भाजलं आणि आता खिडकी उघडता येते तर गावाला बरं वाटेल!

म्हटलं, तुझ्या साहेबाने सांगितलं का? खाली मान. "जानेवारीत माझं कॉन्ट्रॅक्ट आहे. सही त्यांची लागते. प्रियांकाची दहावी व्हायचीय. तू समजून घे."

समजलं की. तेवढंच तर समजत आले जन्मभर. तो भितो, ते खोटं नाही. पण मी त्याला शिकवलं ते भ्यायला नव्हे. गवताचे भारे विकून त्याची फी भरली तेव्हा पावतीवर कांबळेच लिहिलं होतं, आणि पैसे मास्तरांनी बिनबोभाट घेतले होते.

"आणि उद्या प्रियांकाने विचारलं, आजीला का घालवलं, तर?"

"ती नाही विचारायची."

विचारलंय तिने. कालच, मला. "आजी, तू काय मिस्टेक केली?" मी तिला उत्तर दिलं नाही. ते माझं कामच नाही.

२६ नोव्हेंबर, शुक्रवार

टॅक्सी करून एकटी गालाला गेले. झाडांच्या पाट्या तानाजी रंगवतो. गॅरेजात ट्रकांवर नंबर आणि नावं काढणारा पोरगेलासा माणूस, आमच्या पलीकडच्या गावचा, मराठ्यांतला. अरबी अक्षरंही काढतो, बघून बघून.

सगळ्या पाट्या वाळत ठेवल्या होत्या. "पिंपळ. सौ. प्रभावती." अक्षर चांगलं, नाव खोटं.

म्हटलं, तानाजी, आणखी एक काढायची आहे. ऐकून त्याने ब्रश खाली ठेवला. "आजी, बोंब होईल."

"तुझी नोकरी जाईल का?"

"माझा अर्बाब वेगळा. मला कोण काय करणार?" जरा वेळ डोकं खाजवलं. "आमच्या घरच्यांनीपण तुमच्या वाडीला पुष्कळ त्रास दिलाय म्हणा."

"त्याचं मी तुझ्याकडे मागत नाही. मी फक्त पाटी मागते."

हसला. काढली. वर अरबीत "उम्म सतीश". खाली मराठीत "गिरिजा बबन कांबळे. सतीशची आई." पैसे घेईना, तर पिशवीतलं अळू दिलं. शुक्रवारी सकाळी खुंट्या तोच ठोकणार आहे. पिंपळापाशी कुठली ठोकायची ते त्याने कबूल केलंय.

तुर्की बाईला हातानेच सांगितलं, जाते. तिने मान डोलावली, तुळशीकडे बोट केलं, मग स्वतःच्या छातीकडे. बघेन मी, असं. मीही जास्त वेळ थांबले नाही. रडायला लागलो असतो तर दोघींची लाज.

२ डिसेंबर, गुरुवार

दुपारचं विमान. बॅग भरली. फोटो बॅगेत घातला नाही, भिंतीवर लावला. खिळा होताच. उतरवायचा तर आता स्वतःच्या हाताने उतरवा.

आजवर ही वही कुणाला दाखवली नाही. आज जेवणाच्या टेबलावर उघडी ठेवून जाते.

सतीश, वाच. उद्या अर्बाब पिंपळापाशी थांबेल, पाटी वाचेल आणि विचारेल, यातला सतीश कोण? बाबामियाँला गप्प राहायला सांगितलंय. स्नेहलने पुढे व्हायचं नाही. प्रियांकाने फक्त ऐकायचं. तुझ्या साहेबाला तर तोंडच उघडू द्यायचं नाही.

उत्तर तू द्यायचं.