सासऱ्यांनी ब्रोकोली खाल्ली

प्रिय आई,

तुला सिसिलीहून घट्ट मिठी. आम्ही मजेत आहोत. गुडघा कसा आहे तुझा? बाबा गोळ्या वेळेवर घेतात ना?

सासूबाई गेल्यापासून सासरे घराबाहेर पडले नव्हते. महिनाभर नुसता कॉफीत पाव बुडवून खायचे. तुला घोर नको म्हणून लिहिलं नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ब्रोकोली द्या. पोट साफ राहील, हाडांना बळ येईल." मी उकडून वाढली, तर म्हणाले, "हे गाढवाला घाल!"

मग रविवारी परसात सासूबाईंनी लावलेल्या ब्रोकोलीचा पहिला गड्डा कापला. ऑलिव्हच्या तेलात लसूण, लाल मिरची आणि खारवलेली बारीक मासळी परतली, त्यात ब्रोकोली घोळवून पास्त्यावर ओतली, वर पावाचा खमंग चुरा. वासानेच सासरे आपणहून टेबलाशी आले! दोन ताटल्या पुसून खाल्ल्या.

मग एकदम विचारलं, "रोप उपटलंस की काय?"

"उद्या उपटणार होते."

"अगं वेडे, गड्डा कापला की बाजूने कोवळे तुरे फुटतात! सासूने एवढंही शिकवलं नाही तुला?"

आणि काठी टेकत परसात गेले गं! तेव्हापासून रोज त्या वाफ्यात माती भुसभुशीत करत बसतात, सासूबाईंशी गप्पाही मारतात. मी खिडकीतून बघते आणि हसता हसता डोळे पुसते.

आत्ताही तिथूनच ओरडताहेत, "सूनबाई, पाणी आण, रोपं सुकली!" म्हणून इथेच थांबते.

तुझी लाडकी,
फियोरेंझा