गारा धाकटीवर, अनुदान दादाला

अण्णा, तुमच्या लेकाला गारपिटीचं अनुदान मिळालं. तो खारघरला सातव्या मजल्यावर राहतो, त्याच्या डोक्यावर एक गार पडलेली नाही. गारा पडल्या त्या गावाकडे, धाकटीच्या कांद्यावर. डोक्यावर पाटी धरून ती घराकडे पळाली आणि वळून बघते तर सगळी पात जमिनीला चिकटलेली. तलाठी आले, पंचनामा झाला, चिखलात उभं राहून नुकसान तिनेच दाखवलं. पैसे मात्र सातबाऱ्यावर ज्याचं नाव, त्याच्या खात्यात जातात. आणि नाव कुणाचं राहणार, हे तुम्ही केव्हाच ठरवून ठेवलं होतं.

भाऊबीज झाली आणि दुसऱ्याच दिवशी तुम्ही आम्हा दोघींना तालुक्याला नेलंत. हक्कसोड करायची होती. आजोबांपासून आलेल्या जमिनीत आम्हाला काही नको, असं बहिणींनी भावासाठी सरकारी कागदावर लिहून द्यायचं. चांगल्या घरच्या लेकी असंच करतात म्हणे. मी एवढंच विचारलं, "उद्या काही कमीजास्त झालं तर?" तुम्ही कचेरीत चारचौघांसमोर डाफरलात, "जमीन पाहिजे का माहेर, ते सांग." मी सही केली. धाकटी नवी नवरी, हातावरची मेंदी अजून गेलेली नाही, ती हसत हसत सही करते आहे. मग तुम्ही आम्हाला साड्या घेतल्यात, भजी खाऊ घातलीत आणि हॉटेलवाल्याला अभिमानाने सांगितलंत, "माझ्या लेकी म्हणजे सोनं आहे सोनं." सोनं कसलं अण्णा, सोन्याला निदान भाव तरी असतो.

धाकटीला नवऱ्याने टाकलं, ते बघायला तुम्ही राहिला नाहीत. सुटलात. ती परत आली तेव्हा दादाने मोठ्या मनाने तिला शेत कसायला दिलं. मोठं मन कसलं, नोकरी सोडून ढेकळं फोडायला तो थोडाच जाणार होता? तेव्हापासून ती तिथे राबते. आणि सरकारदरबारी शेतकरी कोण, तर तो.

गेल्या रविवारी मी कळंबोलीहून त्याच्याकडे गेले. म्हटलं, "दादा, ते पैसे तिला देऊन टाक. तिला पुन्हा रोप लावायचंय."

"अगं, तू कशाला टेन्शन घेतेस? मी मागायला गेलो होतो का? खातेदार मी, पैसे मला आले. आणि ती फुकटच कसते ना? मी कधी खंड मागितलाय तिच्याकडे?"

वहिनी आतून म्हणाली, सोसायटीचं रंगकाम निघालंय, त्यातच गेले ते. तिने चहा पुढे केला, तो मी घेतला नाही. मला तेवढंच जमलं.

घरी येऊन धाकटीला फोन लावला. वाटलं होतं ती रडेल, तर ती माझ्यावरच उखडली. "आक्का, तुला कुनी सांगितलं व्हतं जायला? उद्या त्यानं वावर दुसऱ्याला दिलं तर म्या कुठं जाऊ? तुज्याकडं येऊन ऱ्हाऊ?" माझं घर दोन खोल्यांचं, त्यात सून बाळंत झालेली. "ये की" हे दोन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. तिनेही वाट पाहिली नाही, म्हशीचं बघायचंय म्हणून फोन ठेवला.

अण्णा, मला तुमचा राग येतो. दादाचा येतो त्याहून जास्त. त्याला जे मिळालं ते त्याने घेतलं, देणारे तुम्ही होतात. तुम्ही दोघींना माहेर देतो म्हणालात आणि तिला तिच्याच घरात जीव मुठीत धरून राहायची वेळ आणलीत. हे वाचायला तुम्ही नाही, दादाला दाखवलं तर तिचं वावर जाईल, म्हणून हे माझ्यापाशीच राहणार. फक्त एक सांगते. एवढा राग असूनही तुम्ही आत्ता दारात येऊन तसाच कागद पुढे केलात आणि एकदा "माझी लेक" म्हणालात, तर मी आजही सही करीन.