कारणाचा रकाना

बाबा, सौंसरच्या तहसील कचेरीच्या व्हरांड्यात बसले आहे. साडेदहाचा पुकारा होता, आता बारा वाजत आले, साहेब अजून छिंदवाड्याच्या बैठकीतून यायचे आहेत म्हणतात. समोर चहाची टपरी, तिच्या पलीकडे संत्र्याचे क्रेट भरून उभा असलेला छोटा हत्ती टेम्पो, आणि माझ्या मांडीवर शपथपत्राच्या तीन प्रती. वकिलानं एक जास्तीची काढली, तिच्या पाठकोऱ्या बाजूवर हे लिहिते आहे. तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुम्हाला पत्र लिहावं असं कधी वाटलं नाही, खोटं कशाला बोलू? आज वाटलं, कारण आत गेल्यावर मला तुमच्याविरुद्ध बोलायचं आहे.

माझ्या शेजारी एक बाई बसली आहे. तिला तुम्ही ओळखाल. पाचवीत माझ्या बाकावर बसायची, बुद्धवस्तीतली, पाढे म्हणताना डोळे मिटून घ्यायची. तुम्ही त्या शाळेचे बडे गुरुजी, म्हणजे हेडमास्तर होता आणि आपण शाळेमागच्या दोन खोल्यांत राहायचो. त्या हिवाळ्यात आठ दिवसांत तिची अख्खी वस्ती गाव सोडून गेली. आता त्या कुटुंबांना त्यांच्या घरांच्या जागा परत हव्या आहेत. समोरचे म्हणतात, हे लोक आपखुशीनं गेले, त्यांचा हक्क संपला. आणि त्याला पुरावा काय, तर तुमचं दाखल-खारीज रजिस्टर. शाळेत आलेल्या आणि शाळा सोडलेल्या प्रत्येक पोराची त्यात नोंद. त्या पानावर सतरा नावांवर लाल रेघ आहे आणि शेवटच्या, कारणाच्या रकान्यात सतरा वेळा एकच वाक्य आहे: स्वेच्छा से गाँव छोड़ा.

तीन महिन्यांपूर्वी ती या पानाची झेरॉक्स घेऊन माझ्या विद्यापीठात आली. चाळीसहून जास्त वर्षांनी पाहिलं तिला, तरी ओळखलं. मी खुर्ची दिली, पाणी दिलं, चेहरा करायचा तसा केला, ज्यांच्यावर बेतलं त्यांच्याशी बोलताना आम्हा लोकांचा एक चेहरा होतो. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मले हळहळ नको बाई. मले कागद पाह्यजे. तुही साक्ष पाह्यजे." मग झेरॉक्स टेबलावर सरकवत म्हणाली, "तुले आठवते ना सगळं?" मी म्हणाले, रजिस्टर आठवतं. तिनं मान हलवली.

मी काय शिकवते हे तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. वंशसंहाराचा अभ्यास. एखादा समाजच्या समाज पुसून टाकायचा, हे कसं घडतं, कोण घडवतं, तेव्हा शेजारीपाजारी काय करत असतात. मी सुरुवात केली तेव्हा हा विषयच नव्हता. ग्रंथालयात महायुद्धाच्या कपाटात खालच्या फळीवर पाच-सहा पुस्तकं, तीही एकाच कत्तलीवरची. माझे मार्गदर्शक कपाळाला हात लावून म्हणाले, "बाई, तुला बसवू कुठं? इतिहासात की कायद्यात?" तुम्ही तर पांढुर्ण्याच्या घरी माझी पुस्तकं उलटीपालटी करून म्हणालात, "पोट्टी मसनातलं शिकून राहिली." मग रवांडा झालं, बोस्निया झालं, आणि जग आत्ताच जागं झाल्यासारखं करू लागलं. नियतकालिकं निघाली, परिषदा भरल्या. आर्मेनिया, कंबोडिया, गोऱ्यांच्या वसाहतींतले मूळ रहिवासी, एकेकाकडे लक्ष गेलं. व्याख्येवरून विद्वान एकमेकांच्या झिंज्या उपटू लागले, कशाला संहार म्हणायचं आणि कशाला नाही. आज आमच्याकडे या विषयाचा स्वतंत्र पेपर आहे आणि वर्गात खुर्च्या कमी पडतात. लोकांच्या मरणावर आपली नोकरी पक्की झाली, हे मला कधी कधी जेवताना आठवतं.

पण विषय नुसता पसरला नाही बाबा, तो खालीही उतरला. आधी आम्ही हुकूम देणाऱ्यांचा अभ्यास करायचो. मग हुकूम टाइप करणाऱ्यांचा. मग याद्या करणाऱ्यांचा, आगगाडीचं वेळापत्रक लावणाऱ्यांचा, पलीकडच्या घरात राहणाऱ्यांचा, शाळामास्तरांचा. दरवर्षी पहिल्या तासाला मी फळ्यावर एकच प्रश्न लिहिते: यांना किती माहीत होतं? पोरं तो वहीत उतरवून घेतात, खाली रेघ मारतात. पंधरा वर्षं मी हा प्रश्न अशा गावांच्या माणसांना विचारते आहे ज्यांची नावं मला धड उच्चारताही येत नाहीत. तो उतरत उतरत आपल्या स्वयंपाकघरात येईल असं काही मला वाटलं नव्हतं.

लगेच चिडू नका. आपल्या गावात झालं त्याला मी तो मोठा शब्द लावत नाही. तो लावला तर जिथं खरंच सगळं संपवलं गेलं त्या लोकांचा अपमान होईल, आणि हिची केस पहिल्याच दिवशी हसण्यावारी जाईल. इथं कोणी मेलं नाही. वस्तीनं नाल्याकाठी आपल्या नावाची पाटी लावली, त्यावरून गावाशी भांडण झालं, बस्स. मग गिरणीवाल्यानं वस्तीचं दळण घेणं बंद केलं. दुकानातून मीठ मिळेना. बगीच्यात संत्रा तोडायला दुसऱ्या गावची माणसं आली. विहिरीवर दोघं लाठ्या घेऊन बसू लागले, नुसते बसायचे. कोणी कोणाला हात लावला नाही, आणि आठव्या दिवशी वस्ती रिकामी. असं कसं करायचं याचं कुठं पुस्तक नसतं, तरी सगळीकडे ते असंच करतात.

काल पांढुर्ण्याला दादाकडे उतरले होते. त्यानं जेवायला वाढेपर्यंत कसाबसा धीर धरला. मग म्हणाला, "तू बाबाले कचेरीत उभं करून राहिली काय? मेल्या माणसाले?" मी म्हटलं, कागद खोटा आहे दादा. तर म्हणे, "मंग? त्या टायमाले सारेच तसे होते. बाबा एकटे काय करणार होते? झाकली मूठ राहू दे ना वो बाई." वहिनी भाजी वाढता वाढता थांबली. मला राग आला तो त्याच्या बोलण्याचा नाही, मीही मनात तेच म्हणत होते त्याचा. सकाळी तो मला सौंसरच्या गाडीत बसवायला आला नाही.

तुम्हाला रक्त सोसत नव्हतं. पोळ्याला आपण पांढुर्ण्याला जायचो, आणि दुसऱ्या दिवशी, पोळ्याच्या पाडव्याला, गोटमार असायची. सगळं गाव जाम नदीवर, इकडून पांढुर्णा, तिकडून सावरगाव, मधे पळसाचं झाड रोवलेलं आणि दगडांचा वर्षाव. तुम्ही सकाळीच खिडक्या लावून घ्यायचे. मी दाराच्या फटीला डोळा लावला तर कान धरून मागं ओढलंत आणि ओरडलात, "माणसायची डोकी फुटताना पाहाची नसतात!" ढोलाचा आवाज बंद खिडक्यांतून यायचा आणि तुम्ही संध्याकाळपर्यंत पेपरमागे तोंड लपवून बसायचे. माझा बाप हळव्या मनाचा, असं मी कितीतरी वर्षं लोकांना कौतुकानं सांगत आले. ते खोटंही नव्हतं.

आता त्या दुपारचं. शनिवार आहे, सकाळची शाळा सुटली आहे. आई चुलीपुढं भाकरी थापते आहे. तुम्ही रजिस्टर घेऊन आत येता, पाटावर ठेवता. सकाळी सरपंच ओट्यावर बसून गेले आहेत, चहा न घेता. तुमचा एक नियम होता आणि त्यासाठी तुम्ही तालुक्यात नावाजलेले होता: रजिस्टरात रकाना रिकामा सोडायचा नाही. नाव काढलं तर तारीख हवी, तारीख घातली तर कारण हवं. आजारी पडून पोर मेलं तरी तुम्ही आधी रकाना भरायचे आणि मग डोळे पुसायचे. सतरा नावांवर तुम्ही पट्टी ठेवून लाल रेघा मारता. मग कारणाचा रकाना येतो आणि तुम्ही थांबता. आई मागं न बघता म्हणते, "काहून गेले ते लिवा ना. गिरणी बंद केली म्हणून लिवा." तुम्ही म्हणता, "रकान्यात दोन बोटं जागा असते. त्यात एवढं मावत नाही." भाकरी थापण्याचा आवाज थांबतो. ती तव्यावर टाकायची राहते. मग तुम्ही हिंदीत ते वाक्य सांगता, सावकाश, शुद्धलेखन घालता तसं.

हो, सांगता. लिहीत नाही. आपल्या घरात ही पद्धतच होती, कोणाला तिचं काही वाटत नव्हतं. माझं अक्षर टपोरं होतं, इन्स्पेक्टर साहेबांनी एकदा रजिस्टर हातात धरून तारीफ केली होती, तेव्हापासून वर्षाची सगळी रजिस्टरं मी भरायची आणि खाली सही तुमची. शाळेचं रजिस्टर अकरा वर्षांच्या पोरीनं चुलीपुढं बसून भरायचं, आणि बापानं त्याचा अभिमान धरायचा! त्या दिवशी सतरावं वाक्य झालं तेव्हा तुम्ही पान उजेडाला धरलंत, म्हणालात, "वा! छापल्यावानी." आणि खिशातला शाईचा पेन, तुमचा स्वतःचा, माझ्या हातात दिलात. मी नाचले. मी अंगणभर नाचले बाबा. तो पेन मी एमएपर्यंत वापरला.

या कागदाच्या पुढच्या बाजूला वकिलानं टाइप केलं आहे: सदर नोंद माझ्या दिवंगत वडिलांच्या हस्ताक्षरात असून ती दबावाखाली केली गेली. मी सकाळी हे दोनदा वाचलं आणि तसंच राहू दिलं. किती सोयीचं! मेलेला माणूस उलटतपासणीला येत नाही. बाईसाहेब परगावाहून येणार, बापाचं पाप धाडसानं सांगणार, लोक म्हणणार, काय हिंमत आहे. पुढच्या परिषदेत मी त्यावर निबंधही वाचला असता, मला मी चांगली ओळखते. ही माझ्याकडे तिरप्या नजरेनं पाहते आहे. मघाशी तिनं तिच्या डब्यातली अर्धी पोळी मला दिली आणि विचारलं, "काय लिहून राहिली एवढं?" मी म्हणाले, बाबाला पत्र. ती हसली नाही. म्हणाली, "त्यायनं मले एकदा पाटी दिल्ती, माही फुटली तवा." आणि पोळी खात राहिली.

मी आत्ताच तिन्ही प्रतींवर "दिवंगत वडिलांच्या" हे शब्द खोडले आणि वर "स्वतःच्या" लिहिलं. अक्षर अजून तसंच आहे, टपोरं. वकील धावत आला, "मॅडम, हे काय करून राहिल्या, यानं केस कमजोर होते!" मी म्हटलं, होत नाही. लिहिणारी जिवंत आहे, हात वर करून सांगते की कारण खोटं होतं. तो म्हणाला, "ते विचारतील, तुम्ही तेव्हा लहान होत्या, तुम्हाला काय माहीत?" मी हा कागद पुन्हा पुढं ओढला.

साहेबांची जीप आली बाबा. शिपाई दारात आला आहे, आमचं नाव घेतो आहे. ही उठली, पदर नीट केला, माझ्यासाठी थांबली आहे. हा कागद घडी करून पर्समध्ये जाईल, तुमच्यापर्यंत यायचा नाही. पण आत तोंडानं बोलण्याआधी एकदा तुमच्यापाशी लिहून टाकते, कारण हे तुम्हालाही ठाऊक नव्हतं. त्या शनिवारच्या आदल्या आठवड्यात शाळेच्या हातपंपावर ही मला म्हणाली होती, "आमचं दळण घेत नाईत, विहिरीवर लाठ्या घेऊन बसतात. आम्ही उद्या चाललो. मले जायचं नाई वं." माझा हात घट्ट धरून ठेवला होता तिनं. तुम्ही वाक्य सांगत होता तेव्हा मला ते आठवत होतं, पहिल्या नावापासून सतराव्यापर्यंत. तिचं नाव नववं होतं. मला सगळं माहीत होतं, आणि मी अक्षर बिघडू दिलं नाही.